माझी नवी प्रजाती आणि पाच सारखी पानं

रविवारी सकाळी आम्ही चोआ चू कांगच्या घरून निघालो, कारण तिकडे मायदेशी साताऱ्यात माझी अब्रू पणाला लागली होती.

दोष माझाच. गेल्या महिन्यात बुकित तिमाहच्या जंगलात मी एका रोपाचा फोटो काढला आणि मोबाइलच्या ॲपला ते ओळखता आलं नाही. मी बँकेतला माणूस, वनस्पतिशास्त्राशी संबंध दहावीपुरता. तरी आईला फोनवर सांगून मोकळा झालो, "नवी प्रजाती सापडलीय! तुझं नाव देणार, सुमती." संध्याकाळपर्यंत आईने अख्ख्या भिशीला कळवलं होतं.

आता खातरजमा करणं भाग होतं. साक्षीला माझी चौदा वर्षांची लेक रेवा. बुकित पांजांगपर्यंत एलआरटीची छोटी गाडी, पुढे एमआरटी मेट्रोने ब्यूटी वर्ल्ड, तिथून पंधरा मिनिटं चालत. प्रवेश फुकट. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात. आमची गेली.

वाट दाखवायला लिम आंटी होत्या, निवृत्त शिक्षिका. रोपापाशी पोचताच मी छाती फुगवून म्हणालो, "हेच ते!"

आंटी वाकल्या. "हे? त्या समोरच्या झाडाचं पिल्लू. इथे पावलोपावली आहे."

मग त्यांनी वाटेवर पडलेली पाच पानं दाखवली. सगळी लांबट, गुळगुळीत, टोकाला बारीक शेपटी. "यात तुझं कुठलं?"

मी बोट दाखवलं. चुकलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा चुकलं.

"पाच पानं, पाच वेगळी कुळं," आंटी म्हणाल्या. "पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. पाणी निथळायला प्रत्येकाने आपापली हीच युक्ती शोधली. नवी जात ठरवायची तर फूल हवं, फळ हवं. नुसत्या पानावर जाऊ नकोस."

"बाबा, सो एम्बॅरसिंग लाह!" रेवा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली.

हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट घेतला, तो छान होता, म्हणून संपेपर्यंत फोन टाळला. शेवटी फोन लावला. "आई, नवी नाही गं. साधं झाड निघालं."

मला फार वाईट वाटलं. पण ती हसली.

"सातवीत तुला गणपतीसाठी एकवीस झाडांची पत्री आणायला पाठवलं होतं. त्यातली बारा पानं एकाच जांभळाची होती."

"मग बोलली का नाहीस?"

"चिखलात हिंडून आणली होतीस. तशीच वाहिली."

"आणि आता भिशीत काय सांगशील?"

"त्यांना तेव्हाच खरं वाटलं नव्हतं रे. मलाच वाटलं होतं."

घरी येऊन ॲप काढून टाकलं. फोटो ठेवलाय. त्याला नाव दिलंय, सुमती.