प्रल्हादच्या खांद्यावरचं ब्लँकेट

माझ्या नवऱ्याला, प्रल्हादला, माईक दिसला की राहवत नाही. आमच्या लग्नात त्याने भटजींच्या हातून माईक घेतला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता तो अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर आहे आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष. पहिलं काम पोटासाठी, दुसरं मिरवण्यासाठी.

सध्या सगळा जीव अडकलाय तो मंडळाच्या हॉलमध्ये. गावाबाहेर खोऱ्यात, नदीच्या वळणाला लागून मंडळाने जमीन घेतलीय. तिथे हॉल होणार आणि दारावर प्रल्हादचं नाव लागणार. माणूस धडधाकट जिवंत आहे, पण स्वतःच्या नावाचं सभागृह बघूनच डोळे मिटायचेत त्याला.

अडचण अशी की त्या खोऱ्याचा जमीन आराखडा काउंटी, म्हणजे इथलं जिल्ह्याचं सरकार, एकटी ठरवत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मूळ अमेरिकन लोकांची ट्राइब, म्हणजे जमात आहे, तिचं स्वतःचं सरकार आहे. दोन्ही सरकारं एका टेबलाशी बसून ठरवतात, घरं कुठे, शेती कुठे, नदीला मोकळं कुठे सोडायचं. दोघांच्या होकाराशिवाय नकाशावरची रेघ हलत नाही. आमच्या वळणावर हिवाळ्यात पाणी पसरतं आणि सॅमन माशांची पिल्लं त्या संथ पाण्यात आसऱ्याला येतात. म्हणून ते वळण कायमचं मोकळं ठेवायचं ठरलं. हॉल वरच्या उंचवट्यावर बांधायला कुणाची ना नव्हती.

आराखड्यावर सह्या झाल्या त्या दिवशी ट्राइबने मोठं जेवण ठेवलं होतं. शेजारचे जमीनमालक म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. तिथे एका वयस्क गृहस्थांनी चार-पाच जणांना पुढे बोलावून खांद्यावर ब्लँकेट घातलं आणि सांगितलं, तुम्ही साक्षीदार. आज इथे जे बोललं जाईल ते ऐका, लक्षात ठेवा, आणि विचारलं की सांगा. त्यात प्रल्हाद होता, आणि त्याच्याबरोबर गेलेली मीही; एक ब्लँकेट माझ्याही खांद्यावर आलं. मी ऐकत बसले. प्रल्हाद सेल्फीसाठी ब्लँकेटची नक्षी सरळ करत होता. जेवण संपायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर फोटो गेला, ‘ट्राइबतर्फे माझा सत्कार’.

मग माईक आला, आणि हा उठला. “नदी आमच्याकडे आई असते. या वळणावर आमचं मंडळ एक वीट ठेवणार नाही, एक पाटी माती टाकणार नाही. हा माझा शब्द.” टाळ्या पडल्या. मला वाटलं, चला, जन्मात एकदा तरी बरं बोलला.

पुढच्या महिन्यात त्याला दोनशे गाड्यांचं पार्किंग हवं झालं. ते वळणावर भराव टाकल्याशिवाय होणार नव्हतं. गाड्या कमी म्हणजे माणसं कमी, माणसं कमी म्हणजे टाळ्या कमी. आराखड्यातून सवलत मागायची तर आधी ट्राइबशी चर्चा करायची अट होती, आणि प्रल्हादच्या डिक्शनरीत चर्चा म्हणजे सत्कार.

ट्राइबची प्लॅनिंग ऑफिसर लोरेन. तिला गणपतीला बोलावलं. आधी फोनवर विचारलं, तुमचे लोक स्टेजवर डान्स करतील का? ती म्हणाली, मी प्लॅनर आहे. ती बिचारी नकाशा घेऊन आली. याने तो मखरामागे ठेवून दिला आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. मुलांचे नाच झाले, देणगीदारांचे आभार झाले, याचं भाषण झालं, मग शाल-श्रीफळ. वळणाचा विषय तिने दोनदा काढला. दोन्ही वेळा हा म्हणाला, “फर्स्ट, प्रसाद!” शेवटी मोदकांचा डबा हातात देऊन तिला गाडीपर्यंत पोचवलं आणि आत येऊन सांगितलं, चर्चा झाली.

आमची हिमानी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, “डॅड, दॅट्स नॉट कन्सल्टेशन. दॅट्स अ फोटो.”

“तुला आपलं कल्चर कळत नाही,” हा म्हणाला.

सवलतीच्या सुनावणीला दोन्ही सरकारांची माणसं समोर बसलेली. प्रल्हादने पडद्यावर तोच फोटो लावला. लोरेनच्या अंगावर जांभळी शाल, हातात नारळ, आणि चेहरा डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखा. “ट्राइबला आम्ही सन्मानाने विश्वासात घेतलंय,” असं हा छाती काढून म्हणाला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

लोरेनचा आवाज चढला नाही. “शालीबद्दल आभार,” ती म्हणाली. “आमच्याकडे खांद्यावर ब्लँकेट घातलं की त्या माणसावर एक काम पडतं. प्रल्हाद, तुम्ही आमचे साक्षीदार आहात. त्या दिवशी या वळणाबद्दल काय बोललं गेलं, ते सगळ्यांना सांगा.”

“ब्यूटिफुल थिंग्ज,” हा हसत म्हणाला. “रिस्पेक्ट, कल्चर, मदर नेचर…”

“आणि तुम्ही स्वतः काय बोललात?”

इथे ततपप सुरू झालं. खोटं बोलला असता ना, तर निदान स्वतःचा शब्द लक्षात तरी आहे, असं मला वाटलं असतं. पण त्याला खरंच आठवत नव्हतं. स्वतःचा शब्द तोंडाची वाफ म्हणून सोडून हा मोकळा झाला होता.

लोरेन माझ्याकडे वळली. “अहिल्या, तुम्हीही साक्षीदार आहात.”

प्रल्हादने डोळे वटारले. पुढच्या रांगेतली मंडळाची अख्खी कार्यकारिणी मान वळवून बघायला लागली. याच लोकांबरोबर मला जन्म काढायचाय, हे मला माहीत होतं. तरी मी उठले आणि त्याचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. ‘आई’ म्हणून तो जिथे थांबला होता, तिथे मीही थांबले.

सवलत नाकारली गेली. वळण मोकळं राहणार. हॉल उंचवट्यावर होईल, लहान होईल, आणि कार्यकारिणीने तिथल्या तिथे ठरवलं की नावाचं नंतर बघू.

गाडीत प्रल्हाद फुगून बसला होता. पूल ओलांडल्यावर म्हणाला, “बायको असून माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस?”

“तुझ्याविरुद्ध कुठे? तुझंच बोलणं होतं.”

मग त्याने रेडिओसुद्धा लावला नाही. आता तरी याला लाज वाटली असेल, असं मला वाटायला लागलं. गॅरेजमध्ये गाडी लावून त्याने हळूच विचारलं, “मी खरंच असं बोललो होतो?”

“हो.”

“चांगलं बोललो होतो, नाही?” त्याने खिशातून फोन काढून माझ्या तोंडासमोर धरला. “परत एकदा सांग ना. रेकॉर्ड करून घेतो.”