मागच्या दारातला फोटोवाला

लेकीच्या लग्नात फोटो काढायला आलेल्या पोराचं लक्षण मला पहिल्या दिवसापासूनच ठीक दिसलं नाही. हळदीच्या सकाळी आला तो गळ्यात एक जुनाट कॅमेरा अडकवून. मी म्हटलं, "दाखव बरं, कसा आलाय फोटो," तर म्हणतो, "काकू, यात लगेच दिसत नाही. रोल आहे. धुतल्यावरच कळेल." आजच्या जमान्यात रोल! शेंबड्या पोराच्या मोबाईलमध्ये काढला की फोटो दिसतो, आणि हा बाबा म्हणतो धुतल्यावर कळेल.

रोलवाल्यांचे धंदे मला चांगले ठाऊक आहेत. माझं लग्न झालं तेव्हा फोटोवाल्यानं सगळ्या पाहुण्यांवर धडाधड फ्लॅश मारले. माझा मामा तर पुन्हा पुन्हा केस विंचरून समोर उभा राहिला. अल्बम आला, त्यात मामाचा एकही फोटो नाही. रोल वाचवायला नुसताच फ्लॅश मारायचे हे लोक. पाहुणे खूश आणि रोल शाबूत! मामा बिचारा कितीतरी वर्षं भेटला की विचारायचा, "आला का गं माझा फोटो?" आणि हा नवा तर फ्लॅशसुद्धा मारत नव्हता.

"अगं, त्याच्या डब्यात रोल तरी हाय का?" मी लेकीला विचारलं. ती हसली. तिनंच आणला होता त्याला, कॉलेजात वर्गात होता म्हणे. "आई, तो कँडिड काढतो." म्हणजे काय, तर कुणाला उभं करायचं नाही, हसा म्हणायचं नाही. चोरासारखं कोपऱ्यातून बघत राहायचं आणि माणसाचं लक्ष नसताना खटका दाबायचा. वर दुसरा फोटोवाला ठेवायचा नाही, अशी तिची अट. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी." तर म्हणाले, "लग्न तिचं हाय." झालं, मिटला विषय.

काष्टीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाई माप द्यायला उभी राहिली की तिच्या खांद्यांवरून मला कळतं, हिच्या घरात काय चाललंय. त्या पोराच्या खांद्यांवरून मात्र काही म्हणजे काही कळत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की एवढ्या गर्दीत माझी लेक त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगतेय. मी जवळ गेले की दोघंही गप्प.

आता आमच्याकडची रीत सांगते. लग्न लागताना मुलीची आई बघत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं बाजूला जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. हल्ली पुष्कळ आया खुशाल स्टेजवर उभ्या असतात, पण माझी थोरली जाऊ रीतीभातीला पक्की. "चल, जा मागं," म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. कार्यालयाच्या मागच्या अंगाला, आचाऱ्याच्या भट्ट्यांच्या पलीकडं, कुंडीत तुळस होती. तिथं बसले. आतून लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकं ऐकू येत होती. पाण्याची धार धरली आणि रडूच फुटलं. एकुलती एक पोर, आणि तिच्या गळ्यात माळ पडताना मी इथं भट्टीच्या धुरात! मनात म्हटलं, आपण आता फोटोतच बघायचं.

वर बघते तर मागच्या दारात तो! चौकटीत आडवा उभा, कॅमेरा माझ्यावर रोखलेला. तिकडं अंतरपाट धरलाय, सगळा गाव तिकडं बघतोय, आणि लग्नाचा फोटोवाला इकडं. माझं टाळकंच सरकलं.

"आरं मुडद्या, तिकडं लग्न लागतंय आन् तू हितं काय करतो? जा की तिकडं!"

तो हलला नाही. खटका तेवढा वाजला. लगेच आत ताशा कडाडला, म्हणजे लग्न लागलंसुद्धा.

दोन-तीन दिवसांनी जावेनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. निम्म्या व्हिडिओत दुसऱ्यांचे मोबाईलच दिसत होते, अक्षता टाकणारे हात दिसत होते. पण अंतरपाट खाली आला तेवढं स्वच्छ आलं होतं. जावई हातात माळ घेऊन हसतोय. आणि माझी पोर त्याच्याकडं बघतच नाही! मान वळवून मागच्या दाराकडं बघतेय. मग कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा ती वळली आणि तिनं माळ घातली.

जाऊ विचारायला दुकानात आलीच. "पोरीची मान तिकडं का गं वळली? कोन हुतं तिकडं?"

"कोन असनार? आचारी!" मी म्हटलं आणि मशीन चालू केली.

दारात कोण होतं ते मला एकटीलाच माहीत होतं. हे लग्न आम्ही जमवलेलं. मुलगा नागापूरच्या कारखान्यात, लेक सुप्याला कंपनीत. "पसंत हाय ना?" विचारलं होतं, "हो" म्हणाली होती. पण हो म्हणणं काय, पोरी आईबापाचं तोंड बघूनही म्हणतात. तिच्या मनात हा कॅमेरावाला असेल आणि आम्ही तिला भलत्याच घरी धाडली असेल तर? आपल्याच हातानं पोरीला विहिरीत ढकलल्यासारखं झालं की हे! नवऱ्याला काही बोलले नाही. ते म्हणाले असते, तुला कुठंही भुतं दिसतात.

मग माझे फोन सुरू झाले. "बरी हायेस ना?"

"बरी आहे गं. सकाळीच विचारलंस की."

"फोटो आले?"

"रोल धुवायला मुंबईला गेलेत."

"रोल हायेत का गोधड्या, इतके दिवस वाळायला?"

ती हसायची. ते हसणं खरं की वरवरचं, फोनवर काय कळतंय, कपाळ! त्या दिवसांत मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

एकदा तीच बोलून गेली, रविवारी तो फोटो घेऊन तिच्या घरी येणारे. घरी! का बरं, कुरियर बंद पडलंय का? रविवारी पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया भरल्या आणि एसटी धरली. मुद्दामच कळवलं नाही.

दार जावयानं उघडलं. "मामी! या या, बरं झालं आलात." आत तो बसलेला, जावयाच्या ताटलीतली भजी खात. दोघं जुने दोस्त असल्यासारखे. मी मनात म्हटलं, जावई भोळा आहे, ह्याला काय कळणार. दिवाणावर फोटो पसरले होते. कुणाच्या केसांत अडकलेल्या अक्षता, फेटा बांधून घेताना डोळे मिटून बसलेले आमचे हे, चप्पल शोधणारी जाऊ. असले फोटो!

"माळ घालतानाचा कुठंय?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तो नाही काकू," तो म्हणाला. "तेव्हा मी तुमच्याकडं होतो." आणि एक फोटो पुढं केला. तुळशीपाशी मी. डोक्यावरचा पदर घसरलाय, गाल ओले, तोंड ओरडायला उघडलेलं, आणि तांब्यातलं पाणी कुंडीत न पडता माझ्याच पायावर पडतंय. जावई हसायला लागला. मला हसू आलं नाही.

"तुला कुणी सांगितलं हुतं तिथं तडमडायला?"

"तुमच्या लेकीनं. अंतरपाट धरला की आईकडं जा, म्हणाली होती."

तशीच स्वयंपाकघरात गेले. लेक भजी तळत होती. दार लोटलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग. तुझ्या मनात तो हाय का?"

"कोण? तो?" झारा हातात धरून ती बघतच राहिली. "आई, डोकंबिकं फिरलं का तुझं?"

"मग त्याला माझ्याकडं कशाला धाडलंस?"

"मला तर सगळेच बघणार हुते. तुला कोण बघणार हुतं?"

तरी खुटखुट होतीच. म्हटलं, "आन् अंतरपाट निघाल्यावर दाराकडं मान का वळली? व्हिडिओत दिसतंय सगळं."

"भटजी दम घ्यायला थांबले ना, तेवढ्यात तुझा आवाज आला. आरं मुडद्या! स्पष्ट ऐकू आलं मला. म्हणून वळले, तू दिसशील म्हणून. पण हा दारात आडवा उभा." तिनं गॅस बारीक केला. "लई भ्या वाटत हुतं गं तेव्हा. तुझी शिवी ऐकली आन् बरं वाटलं. म्हटलं, हाय, दाराच्या मागंच हाय."