कोचचा मराठी आवाज

अंधेरीला एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्या विटांनी बुजवल्यात. त्यातल्या एका खोक्याएवढ्या खोलीत मी दोन सीझन एका इंग्रज माणसाचं बोलणं मराठीत बोलत होते.

चॅनेलने इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने मराठीत दाखवायला सुरुवात केली तेव्हा एक खराखुरा तज्ज्ञ हवा म्हणून त्यांना आणलं. सगळे त्यांना कोचच म्हणायचे. सत्तरीचे, गुडघ्यांनी थकलेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिकडच्या लहानमोठ्या क्लबांचे मॅनेजर, म्हणजे टीमचे मुख्य प्रशिक्षक, म्हणून काढली होती आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणाहून त्यांना काढून टाकलं होतं. मग टीव्हीने उचललं. ते इंग्रजीत बोलायचे, मी लगोलग मराठीत. त्यांचं 'मी' ते माझंही 'मी'. कॉलेजात मी लेफ्ट बॅक खेळायचे, एवढ्या भांडवलावर मला घेतलं होतं.

बोरिवलीला घरी आई सामना लावून बसायची. फुटबॉलमधलं तिला काही कळत नव्हतं. एकदा तिने विचारलं, "गो, ह्यां तू बोलतंस काय तो गोरो?"

"तो बोलतो, मी फक्त सांगते."

"मगे तू कधी बोलतलंस?"



कोचचं मुंबईत कुणी नव्हतं. हॉटेल, गाडी, स्टुडिओ, परत हॉटेल. एका रविवारी ते म्हणाले, "कुठेतरी फुटबॉल दाखव ना. काचेतून नको." मी त्यांना वर्सोव्याहून फेरीने मढला नेलं. ओहोटी होती. कोळीवाड्यातली माणसं ओल्या वाळूत खेळत होती. कोच खिशात हात घालून कडेला उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील, काहीतरी सांगतील. एक शब्द बोलले नाहीत.

परतीच्या बोटीत सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी बसल्यावर मात्र ते बोलायला लागले. "मैदानात लोक मला शिव्या घालायचे, सामना संपला की मी घरी जायचो. मला काढलं तेव्हाही घरीच गेलो. आता काढतात दुसऱ्याला, आणि त्याच्यावर बोलावं मला लागतं." मग एका खेळाडूबद्दल सांगितलं. सतरा वर्षांचा असताना कोचनी त्याला घेतला, पुढे कर्णधार केला, त्याच्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले. आता तो स्वतः मॅनेजर होता आणि त्याची टीम सारखी हरत होती.

पुढच्या शनिवारी आमच्या वाट्याला त्याच टीमचा सामना आला. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले होते. तिकडे पाऊस होता. कॅमेरा सारखा त्या मॅनेजरच्या तोंडावर जात होता. माझ्या कानातल्या हेडफोनवर प्रोड्यूसर म्हणाला, "विचार कोचला. ह्याला आता हाकलायलाच हवं ना?"

मी विचारलं. कोचनी आपला माइक बंद केला आणि नकाराची मान हलवली.

"गप्प का बसलाय हा?" कानात आवाज चढला. "यार, तू बोल त्याच्या वतीने. तो काय म्हणाला ते कुणाला कळतंय!"

काचेपलीकडून प्रोड्यूसर हात नाचवत होता. मी माइकवर म्हणाले, "कोच यावर बोलणार नाहीत. हा माणूस त्यांचा कर्णधार होता."

सामना संपल्यावर कोचनी विचारलं, "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "खरंच आहे ते."

पण तेवढंच पुरलं. चॅनेलने कोचच्या बंद तोंडाची क्लिप कापली, मागे उदास संगीत लावलं आणि ती दोन दिवस चालवली. मंगळवारी त्या मॅनेजरला काढलं. बुधवारी दुपारी खास कार्यक्रम ठेवला, विषय तोच. कोच नाही म्हणाले, तेव्हा त्यांना करार दाखवला.

ते टाय बांधून आले. निवेदकाने विचारलं, "तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं का?"  कोच हळू आवाजात बोलले आणि त्यांच्यामागून मी.

"मी त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. मी इथे बसतो हे त्याला माहीत आहे."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. तो माझा होता की त्यांचा, मला आजही सांगता येणार नाही. कानात प्रोड्यूसर म्हणाला, "झकास! असंच चालू ठेव."

सीझन संपल्यावर कोचचा करार वाढवला नाही. मला वाटलं, ते सुटले. निरोपाच्या चहाला कळलं की ते आखातातल्या एका चॅनेलवर चाललेत.

"घरी का नाही जात?" मी विचारलं.

"घरी बसून काय करू? टीव्हीवर सामनेच बघणार ना."

त्यांची खुर्ची मला मिळाली. आता दर शनिवारच्या सामन्याला तज्ज्ञ मीच. माझं 'मी' माझंच आहे, करारावर सहीही माझी आहे. घरी सगळ्यांना आनंद झाला, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. गेल्या महिन्यात गोराईच्या एका शाळेतून बाई आल्या होत्या. त्यांना मुलींची फुटबॉल टीम करायची आहे, सरावाला मैदान शनिवारी संध्याकाळीच मिळतं. मुलींना शिकवायला याल का, असं त्यांनी फार आर्जवाने विचारलं. मुली खेळतानाचा व्हिडिओ दाखवला, सगळ्या चेंडूमागे एकदम धावत होत्या.

मी तो दोनदा पाहिला, फोन त्यांना परत दिला आणि म्हणाले, "शनिवारी मला जमत नाही."