केशरबाईची फळी

खर्ड्याजवळच्या वस्तीवरच्या केशरबाईने चौदा वर्षं ऊस तोडला. डोक्यावर मणभर मोळी घेऊन वीतभर रुंद फळीवरून ट्रकवर चढताना तिचा पाय कधी लटपटला नाही. अशी बाई गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, आणि तीही पाय लटपटल्यामुळे! परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले की तोंडाला कोरड पडायची, छाती धडधडायची, क्लचवरचा पाय शिलाई मशीनसारखा नाचायचा आणि गाडी गचकन बंद पडायची.

सासूने, झुंबरबाईने, बाहेरची बाधा ठरवून दंडाला काळा दोरा बांधला. इकडे गावच्या शाळेला गाडीसाठी चालक हवा होता. दसऱ्याच्या आत परवाना मिळाला तर ती जागा केशरबाईची. नाहीतर पुन्हा हातात कोयता, आणि सातवीतल्या लेकीची, संस्कृतीची, शाळा पुन्हा बुडणार. या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

शेवटी गावच्या आशा आरोग्यसेविकेने, रेश्माने, तिला समोर बसवलं.

"बाधा न्हाई, अक्का. मेंदूला वाटतं वाघ आला. मग तो नसांमधून अंगभर हाळी देतो, पळा न्हाईतर लढा! म्हनून काळीज उडतं, हातपाय थरथरत्यात. त्याला वाघ आन् साहेब सारखेच. श्वास सावकाश सोडला की त्याला कळतं, वाघ गेला. फळीवर तुमी काय करत हुता?"

केशरबाईने आठवून पाहिलं. "मोळी उचलताना दम कोंडायचा. फळीवर पाय पडला की तोंडानं सोडत जायचा, हूऽऽ करत." आणि तिने कपाळावर हात मारला. "आगं बया! साहेबांपुढं मी मोळी उचलल्यागत दम कोंडूनच बसते की!"

तिसऱ्या परीक्षेतही पाय नाचायला लागलाच. बाईने लाजबीज गुंडाळून ठेवली आणि साहेबांच्या कानाशी लांबलचक 'हूऽऽ' केलं.

साहेब दचकले. "काय झालं?"

"काय न्हाई साहेब, फळी चढतीया."

चढावर थांबलेली गाडी बोटभरही मागे न घसरता निघाली. केशरबाई पास झाली! झुंबरबाई अजून दोऱ्याचंच नाव घेते, घेऊ दे बापडीला.

दसऱ्यानंतर तोडकऱ्यांचे ट्रक गावातून निघाले, त्या सकाळी समोरून शाळेची पिवळी गाडी आली. ट्रकमधल्या बायांनी उभं राहून हात हलवले, आणि केशरबाईचे डोळे भरून आले.

शेजारी बसलेली संस्कृती खाली बघत म्हणाली, "आई, पाय थरथरतोय की गं तुझा!"

"थरथरू दे त्याला," केशरबाई म्हणाली. "गाडी मी चालवतीया."