दुसऱ्या किल्ल्यांचा डबा

बावीस वर्षे मी जे काही लिहिले, ते फळ्यावर लिहिले आणि तास संपताच पुसून टाकले. त्यामुळे पुसता न येणारे काही लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर करते आहे, याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, हेही कबूल करते. तरीही एक विधान मी ठामपणे करीन, आणि ठामपणे काही बोलणे माझ्या स्वभावात नाही हे मला ओळखणारे सांगतील: साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात स्वतःच्याच कचेरीच्या पायरीवर रोज सकाळी वाट पाहत बसणारा मुख्याध्यापक एकच होऊन गेला, आणि ते आमचे मोठे सर.

१९९८ च्या जूनमध्ये मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले. खाडीकाठचे गाव, चिऱ्याच्या भिंतींच्या पाच खोल्या, पाचवी ते नववी मिळून जेमतेम साठ मुले. मी घाटावरची, कोकणात पहिल्यांदाच आलेली. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा कचेरीला कुलूप होते आणि पायरीवर एक किडकिडीत गृहस्थ छत्री मांडीवर आडवी धरून बसले होते. मी त्यांना शिपाई समजले आणि "मुख्याध्यापक कधी येतील?" असे विचारले. ते उठून उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "ते आलेत हो बाई. कचेरीचे साहेब यायचेत अजून." थोड्या वेळाने पलीकडच्या तीरावरून होडीने आलेला सहावीतला एक मुलगा धापा टाकत पायऱ्या चढला. कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढून त्याने कुलूप उघडले. सरांनी त्याला विचारले, "आज उशीर?" तो म्हणाला, "होडीवालाच उठला नव्हता, सर." सर म्हणाले, "मग उद्यापासून त्याला उठवायचं काम तुमचंच." आणि त्याने दार उघडून बाजूला होईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर थांबून राहिले.

हे एका मुलापुरते असते तर मी विशेष मानले नसते. पण शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे कसली ना कसली किल्ली होती. सरांचे म्हणणे असे, की आपल्यावाचून कुठेतरी काहीतरी अडते हे कळल्याशिवाय मूल उंच होत नाही, फक्त लांब होते. आता साठ मुलांना पुरतील इतकी कुलपे एका छोट्या शाळेत आणायची कुठून? म्हणून सरांनी कुलपे लावण्याजोग्या नसलेल्या वस्तूंनाही कुलपे लावली. खडूच्या पेटीला कुलूप, नकाशांच्या पेटाऱ्याला कुलूप, विहिरीच्या रहाटाला साखळी आणि कुलूप, पर्जन्यमापकाभोवती लाकडी पिंजरा आणि त्याला कुलूप. मागच्या पडवीत चाके नसलेली एक सायकल होती. तिलाही कुलूप होते आणि त्या कुलपाची किल्ली पाचवीतला एक मुलगा इतक्या अभिमानाने मिरवीत असे, की सायकल चालत नाही हे त्याला सांगण्याची हिंमत कोणी केली नाही. आमचा खरा शिपाई मात्र उदास असे. "बाई, मी नुसता नावाचा शिपाई," तो मला म्हणे. "घंटा वाजवायची तर आधी सातवीतल्या चिमीला विचारायला लागतं."

आणि या वेडाचा परिणाम होत असे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आठवड्यातून तीन दिवस खाडीवर मासे पकडायला पळणाऱ्या एका मुलाला सरांनी खडूच्या पेटीची किल्ली दिली. पुढच्याच आठवड्यात तो अंगात ताप घेऊन दारात उभा. त्याची आई मागून ओरडत आली, "अरे मेल्या, अंथरुणातून उठलास कशाला?" तर हा म्हणतो, "बाई लिवतील कशानं?" त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर जरा जपूनच पुसले. पर्जन्यमापकाची किल्लीवाली तर इतकी काटेकोर, की जानेवारीतही रोज सकाळी पिंजरा उघडून पाही, 'पाऊस नाही' असे वहीत लिही आणि खाली सही करी. सर त्या वहीवर न चुकता प्रतिसही करीत. मुलांना ते 'अहो खडूवाले', 'अहो पाऊसवाल्या' असे बहुवचनात हाक मारीत, आणि वर्गात शिरण्यापूर्वी दारावर टकटक करून परवानगी मागत.

माझी अडचण निराळी होती. माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे. शिकवायचे ते मी खिडकीकडे पाहून शिकवीत असे आणि 'नाही' हा शब्द तर मला मुलांनाही म्हणता येत नसे. सरांनी हे एकदाही बोलून दाखवले नाही. महिन्याभराने त्यांनी मला कचेरीत बोलावले आणि हिंगाचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. झाकणाभोवती सुतळी बांधलेली होती आणि गाठीवर प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर असते तशी लाख. हलवला की आत खळखळ वाजे. "सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या आहेत ह्यात," ते म्हणाले. "हा डबा असल्याचं मुलांना कळता कामा नये. नाहीतर त्यांच्या किल्लीला अर्थ काय राहिला? हा तुमच्याकडे. कोणालाही द्यायचा नाही."

"आणि तुम्ही मागितलात तर?" मी कसेबसे विचारले.

"मी तर मागणारच. कमकुवत माणूस आहे मी. मलाही द्यायचा नाही."

पुढच्या हिवाळ्यात आमच्या दहावीचा प्रश्न निघाला. शाळा नववीपर्यंतच होती. दहावीसाठी शहरात जावे लागे. मुलगे कसेबसे जात, मुली बहुधा घरीच राहत. दहावीच्या वर्गाला परवानगी मिळावी म्हणून सरांनी प्रस्ताव पाठवला होता आणि तपासणीला शिक्षण खात्यातले एक अधिकारी येणार होते. त्यांना दाखवायची सगळी दप्तरे एका मोठ्या लाकडी कपाटात होती, आणि त्या कपाटाची किल्ली रुबीनाकडे होती. रुबीना नववीत होती. वडील जहाजावर, घरी आजी आणि आई. यंदा दहावी इथे सुरू झाली नाही तर तिची शाळा संपणार, हे तिला ठाऊक होते आणि आम्हालाही.

अधिकारी सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले. जीपमधून उतरले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दप्तर काढा."

सर म्हणाले, "काढू की. किल्ली संगमेश्वरला आहे."

"संगमेश्वरला? कशासाठी?"

"मामेबहिणीच्या लग्नाला गेल्येय."

"किल्ली लग्नाला गेली?"

"किल्लीवाल्या गेल्या, साहेब. किल्ली त्यांच्यासोबत असते."

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि तीन वाजता निघणार, तोवर दप्तर दिसले नाही तर प्रस्ताव परत जाईल, असे स्वच्छ सांगितले. सरांनी एका शिक्षकाला दुकानातल्या फोनवरून लग्नघरी निरोप द्यायला पिटाळले, साहेबांना घरून आणवलेले कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी वाढली आणि वेळ भरून काढण्यासाठी पावसाची वही दाखवली. साहेबांनी 'पाऊस नाही' अशा ओळींची पाने उलटता उलटता विचारले, "हेडमास्तर, ही शाळा आहे की काय आहे?" दोन वाजले तरी संगमेश्वरच्या एस.टी.चा पत्ता नव्हता. शिपाई हातोडी घेऊन आला. सर त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असावेत. "ठेव ती खाली! कुलूप फोडलंस तर उद्यापासून गावातल्या साठ किल्ल्या नुसत्या लोखंडाच्या होतील."

"अहो, पण दुसरी किल्ली असेलच की कुठेतरी," साहेब वैतागून म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिले. मग अगदी पडलेल्या आवाजात ते म्हणाले, "बाई, आणा तो डबा. साहेबांना उशीर होतोय."

मी डबा आणला. तो छातीशी घट्ट धरून उभी राहिले, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "नाही."

"नाही म्हणजे?" साहेब उभे राहिले.

"सरांनी सांगितलंय, कोणालाही द्यायचा नाही."

"अहो बाई, पण आता तेच द्यायला सांगतायत ना!"

"ते तसं सांगतील, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, साहेब. मी देणार नाही."

मी हे किती मोठ्याने बोलले याची मला कल्पना नव्हती. पण पाचही वर्गांतली मुले दारांत येऊन उभी होती, म्हणजे आवाज तिसऱ्या बाकापलीकडे नक्कीच गेला होता. क्षणभराने माझ्या लक्षात आले, की मी एका मुलीची दहावी हातातल्या डब्यात बंद करून उभी आहे. सर मात्र छत्रीच्या मुठीकडे पाहत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होते, असे मला वाटले.

तीनला दहा मिनिटे असताना रुबीना आली. जरीचा घागरा, कोपरापर्यंत मेंदी, मागे तिचा धापा टाकणारा धाकटा मामा. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली तिने मेंदी सांभाळत दोन बोटांनी काढली आणि कपाट उघडले. साहेबांनी घाईने दप्तराला हात घातला, तशी ती मध्ये आली.

"साहेब, आधी वहीत सही."

"कसली सही?"

"दप्तर बाहेर काढलं की सही करायची. सर पण करतात."

साहेबांनी सरांकडे पाहिले. सर आढ्याकडे पाहत होते. साहेबांनी सही केली. तिने वही फिरवून वाचली. "तारीख ऱ्हायली." साहेबांनी तारीख घातली.

"कितवीत गं तू?"

"नववीत."

"आणि पुढच्या वर्षी या कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"दहावी हितं झाली तर माझ्याकडंच," ती म्हणाली. "नायतर दुसऱ्या कोणाला द्यायला लागंल."

त्या दिवशी जीप साडेपाचला निघाली. साहेबांनी दप्तराचे पान न पान पाहिले आणि परत देताना न सांगता सही केली. जूनमध्ये आमचा दहावीचा वर्ग सुरू झाला. रुबीना त्यातून उत्तम गुणांनी बाहेर पडली, आणि पुढे औषधशास्त्र शिकून एका रुग्णालयात कामाला लागली.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले आणि दापोलीला लेकीकडे राहायला गेले. त्यांनी डबा परत मागितला नाही आणि मीही विचारले नाही. नव्या मुख्याध्यापकांना मुलांकडच्या किल्ल्या पसंत नव्हत्या. त्यांनी सगळ्या गोळा केल्या, एक-दोन सापडेनात, तेव्हा नाइलाजाने मी लाख फोडली. डब्यात एकही किल्ली नव्हती. वाकडे झालेले खिळे होते, एक तुटकी कडी होती आणि खाडीतले चार शिंपले. म्हणजे दुसरी किल्ली कुठल्याच कुलपाला कधी नव्हती. आणि त्या दिवशी सरांनी माझ्याकडे जो डबा मागितला, त्यातून काही उघडणार नाही हे त्यांना पक्के माहीत होते. साठ मुलांच्या शाळेत एकसष्टावी किल्ली मला दिली गेली होती, हे कळायला मला सात वर्षे लागली.

सुतळी पुन्हा बांधून डबा घेऊन मी दापोलीला गेले. सर अंगणात आंब्याखाली बसले होते. खूप थकले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. डबा पाहिल्यावर मात्र त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि खळखळ ऐकत राहिले. लाख फुटलेली त्यांच्या लक्षात आली की नाही, सांगता येत नाही. मी जे विचारायला गेले होते, ते ओठांवर आले होते.

"आहेत ना हो बाई सगळ्या?" त्यांनी विचारले.

"हो सर. सगळ्या आहेत."

"सांभाळा," ते म्हणाले, आणि डबा माझ्या हातात परत दिला.

तो डबा आजही माझ्या कपाटात आहे. तुम्हीच सांगा, मी त्या दिवशी सरांशी खोटे बोलले का?