फोंडा घाटातला गुळाचा रवा

मला त्या सायकल फेरीत घेतलं ते पंक्चर काढता येतं म्हणून. अब्बांचं कोल्हापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि कॉलेज सुटलं की मी तिथंच असायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या कॉलेजचे इतिहासाचे सर खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींचं एक छोटं वसतिगृह चालवायला मदत करायचे. त्या मुलींच्या जेवणाखाण्यासाठी मदत गोळा करायला राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कोकणात जायचं आणि परत यायचं, असा त्यांनी बेत केला. आठ मुलं तयार झाली. दुरुस्तीला कोण, म्हणून सर दुकानात आले, तर अब्बांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"मुलगी?" सर म्हणाले. "घाट आहे हो!"

"घाटात पंक्चर काय बाप्या माणूस बघून हुतंय व्हय?" अब्बा म्हणाले. सरांनी यादीत माझं नाव घातलं. मी निघाले.

डिसेंबरातल्या पहाटे आम्ही दहाजण बाहेर पडलो. सरांनी एकच नियम घातला होता. जायचं-यायचं ते सायकलवरूनच, मोटारीची मदत घ्यायची नाही. त्यांची कल्पना होती की लोक पावतीवर नाव घालून पाच-दहा रुपये देतील. लोकांनी दिले तांदूळ, मिरच्या, शेंगा. राधानगरीच्या अलीकडं एका गुऱ्हाळावर आम्ही रस प्यायला थांबलो. मालकानं सरांचं भाषण शांतपणे ऐकून घेतलं, आत गेला आणि गुळाचा एक अख्खा रवा, म्हणजे तीस किलोची ढेप, आमच्यापुढं ठेवून म्हणाला, "पोरींस्नी द्या. आमची बी एक हाय शाळंत."

नको म्हणायची सोयच नव्हती. आमच्यात एक पैलवान होता, तालमीतला, मान अशी नसलेलाच. रवा त्याच्या कॅरिअरला बांधला. दोन मैलांवर त्याचा मागचा टायर फुटला. मी ट्यूब काढून ठिगळ लावलं, तोवर रवा दुसऱ्याच्या सायकलवर गेला. मग त्याचा टायर गेला. दाजीपूरच्या जंगलाच्या चढावर मी इतकी पंक्चरं काढली की माझं ठिगळ चिकटवायचं सोल्युशन संपत आलं. माशा रव्याच्या मागं, आम्ही माशांच्या मागं, अशी मिरवणूक चालली होती.

घाटाच्या तोंडाशी मी म्हणाले, "सर, उतारावर एवढं वजन घेऊन बसू नका कुणी. ब्रेकची रबरं तापून घसरतील. हातात धरून उतरू."

मुलांनी ऐकलं. सरांनी मात्र उदाहरण घालून द्यायचं ठरवलं. "मी पंधरा वर्षं सायकल चालवतोय," असं म्हणून त्यांनी रवा स्वतःच्या कॅरिअरला बांधून घेतला.

बराच घाट ते उतरलेसुद्धा. आम्ही मागं चालत होतो, ते प्रत्येक वळणावर आमच्यासाठी थांबत. शेवटच्या वळणापाशी पुढून त्यांची आरोळी ऐकू आली. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" समोर रस्त्यात कुणीही नव्हतं. आम्ही धावत वळणावर पोचलो, तेव्हा सर रस्ता सोडून एका शेतातल्या गवताच्या गंजीत शिरलेले होते. नुसते पाय दिसत होते. पैलवानानं त्यांना दोन्ही पायांना धरून बाहेर ओढलं. कोपर खरचटलं होतं, चष्मा शाबूत होता. रव्याचे मात्र रस्ताभर तुकडे.

शेजारच्या घरातून एक म्हातारी आली. "अरे मेल्यांनो, गूळ असो रस्त्यार कित्याक घातलास?"

केसांत गवत घेऊन सरांनी तिला सगळं सांगितलं. या वेळी ते भाषण नव्हतं, त्यामुळं लवकर संपलं. तिनं त्यांचं कोपर धुतलं, आमच्याबरोबर बसून स्वच्छ तुकडे वेचले आणि पोत्यात भरले. मग घरात जाऊन दहा नारळ घेऊन आली. ते बघून शेजारीण आली, तिनं नारळ आणि आमसुलं आणली, मग वाडीतल्या घराघरांतून नारळ येत राहिले. रात्र म्हातारीच्या पडवीत काढून सकाळी निघालो, तेव्हा गुळाच्या पोत्याखेरीज दोन पोती नारळ झाले होते आणि समोर तोच घाट, आता चढायचा.

निम्म्या घाटात पैलवान डोक्यावर पोतं घेऊन डुलत होता, सर त्याची आणि स्वतःची अशा दोन सायकली ढकलत होते. मागून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय पावणं, टाका की माल पाठीमागं! कोल्हापूरलाच चाललोय."

आम्ही सगळे सरांकडं बघत उभे राहिलो. सरांनी घाम पुसला, वरच्या वळणाकडं बघितलं.

"सायकलवरूनच यायचं हा नियम माणसांना आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नारळांना नाही."

"सर," पोत्याखालून पैलवान म्हणाला, "मला नारळात धरलं तर चालंल का?"

सरांना इतकं हसू आलं की दोन्ही सायकली त्यांच्या अंगावर पडल्या. पोती ट्रकमध्ये गेली, आम्ही सायकलवर. पैलवानालाही सायकलवरच यावं लागलं.

वसतिगृहात पोचलो तेव्हा नारळ आणि गूळ आधीच येऊन पडले होते आणि मुली दारात उभ्या होत्या. गुळापेक्षा त्यांचं लक्ष माझ्याकडं होतं. मळलेली सलवार, ग्रीसचे हात, मधल्या दांड्याची सायकल. एकीनं हळूच विचारलं, "ताई, घाटात तुम्ही पण चालवली? मला शिकवशिला?"

मी तिला तिथल्या तिथं सीटवर बसवलं. ती तुळशीकट्ट्यावर आदळली, उठली आणि म्हणाली, "आणि एकदा." पुढच्या रविवारी अब्बांनी दुकानातली एक जुनी लेडीज सायकल नीट करून पाठवली. शिकायला रांगेत सतराजणी होत्या.