चार वाजताची उसळी

माझा मामा हवा मोजतो. लहानपणी हे मी वर्गात अभिमानाने सांगितलं तेव्हा सगळे खो-खो हसले होते. त्यांचे मामा बँकेत, दुकानात, निदान कुठल्यातरी खुर्चीत होते, आमचा गच्चीवर. आता हसायची पाळी माझी आहे, कारण त्यांतलेच काही जण सकाळी पळायला निघण्याआधी मामाने मोजलेली हवा मोबाईलवर बघतात आणि मगच बुटांच्या नाड्या बांधतात.

सरकारी वाचनालयाच्या गच्चीवर एक पांढरी केबिन आहे, कपाटापेक्षा मोठी आणि खोलीपेक्षा लहान. तिच्या छपरातून एक नळी वर आली आहे आणि नळीच्या टोकाला उलट्या ताटलीसारखं झाकण आहे. ही नळी दिवसरात्र हवा ओढते, आतलं यंत्र त्या हवेतला धूर आणि धूळ मोजतं, आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा सरकारच्या संकेतस्थळावर जातो. तिथे तो कुणालाही दिसतो. पासवर्ड नाही, फी नाही, ओळखपाळख नाही. मामाने नळी साफ ठेवायची, गाळणी बदलायची, आणि आकड्यांत कुठे गडबड झाली तर तिचं कारण आकड्याशेजारी लिहायचं. त्या कारणाला शेरा म्हणतात. तोही सगळ्या जगाला दिसतो.

शेरा दोन शब्दांत उरकावा, अशी मुख्य कार्यालयाची अपेक्षा असते. ‘वीज खंडित.’ ‘देखभाल सुरू.’ पण मामाला दोन शब्दांत जांभईसुद्धा देता येत नाही. त्याचा एक शेरा मला पाठ आहे: ‘कबुतरीने नळीच्या तोंडाशी संसार थाटला. अंडी दोन. यंत्र बंद ठेवून बिऱ्हाड टाकीमागे हलवले. कबुतरी नाराज, आकडे पूर्ववत.’ दुसरा: ‘शेजारी रंगकाम चालू. आजचा आकडा शहराचा नव्हे, रंगाऱ्याचा.’ वरून एकदा-दोनदा समज आली. मामाने ती इमानदारीने वाचली आणि पुढचा शेरा आणखी लांब लिहिला.

या शेऱ्यांची सगळ्यात निष्ठावान वाचक म्हणजे आमची मामी. ती घरी शिवणकाम करते. सकाळी कपडे वाळत घालण्याआधी नाकावर चष्मा चढवते, मोबाईल हातभर लांब धरते आणि मामाचं पान उघडते. आकड्यांशी तिला काही देणंघेणं नाही. ती म्हणते, “हा माणूस मला घरात कधी एवढं सविस्तर सांगत नाही. सरकारला सांगतो. मग मी सरकारकडून वाचते.”

मामाचं एक पालुपद आहे. न्हावी असो, बसचा कंडक्टर असो, लग्नातला अनोळखी पाहुणा असो, मामा त्याला धरून सांगणारच, “आपली हवा जगात कुणीही, कुठेही बसून, फुकट बघू शकतं!” या ‘कुणीही’मध्ये आपण आणि आपली बायकोही येतो, हे मात्र त्याच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या छातीत कळ आली. ऑपरेशन झालं. मामी दिवसभर थिएटरबाहेरच्या लाकडी बाकावर बसून होती. मी पोचले तेव्हा तिच्या हातात मामाचं घड्याळ होतं आणि ते ती नुसती पुसत होती. मामा घरी आल्यावर डॉक्टरांचे नियम सगळ्यांनी आळीपाळीने ऐकवले, त्यात पहिला नियम सिगारेटचा. मामी एवढंच म्हणाली, “अहो, मी त्या बाकावर पुन्हा बसणार नाही. लक्षात ठेवा.” मामाने कान पकडले, पाकीट आणि लायटर स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला. आम्ही विश्वास ठेवला, कारण मामा खोटं लिहीत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. लिहीत नाही एवढंच. करण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

मग यंदा विद्यापीठातल्या एका मुलीचा फोन आला. ती शहराच्या हवेवर संशोधन करत होती, आणि तिचं सगळं काम या फुकटच्या सरकारी आकड्यांवर उभं होतं.

“सर, तुमच्या केंद्रावर रोज दुपारी चारला आकडा उसळी मारतो,” ती म्हणाली. “वर्षाच्या सुरुवातीपासून. रविवारी नाही, सुट्टीच्या दिवशी नाही. म्हणजे हा नक्की कुठल्यातरी धंद्याचा धूर आहे. तुमच्या मागच्या गल्लीत बेकरी आहे ना?”

बेकरी होती. तिच्या भट्टीबद्दल आधीच कुणीतरी तक्रार केली होती आणि सोमवारी पालिकेत सुनावणी होती. मुलगी तिथे आपले आलेख मांडणार होती. आलेख पटले तर भट्टी बंद, हे उघड होतं.

मामाचं माथं भडकलं. “माझ्या हवेत धूर सोडतो!” हवा जणू त्याच्या वडिलांनी नावावर करून ठेवली होती. त्याने त्या दिवसापासून बेकरीचा पाव बंद केला आणि मामीला लांबच्या दुकानातला शिळा पाव खायला घातला. बेकरीवाला बिचारा स्वतःहून गच्चीवर चढून आला. म्हणाला, “दादा, माझी भट्टी पहाटेची. दुपारी चारला मी घोरत असतो. बायकोला विचारा.”

“चोर कधी कबूल करतो का?” मामा मला नंतर म्हणाला.

नळी त्याने पुन्हा पुन्हा साफ केली, गाळणी नवी घातली. उसळी जागची हलेना. शेवटी त्याने मला बोलावलं. माझ्या मोबाईलचा कॅमेरा चांगला आहे, तेव्हा चारच्या ठोक्याला मी बेकरीच्या धुराड्याचा फोटो काढायचा, म्हणजे आरोपी रंगेहाथ सापडेल, असा बेत.

मी चारच्या आधीच गच्चीवर गेले. केबिन आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक बोळ आहे. वारा लागत नाही, खालून कुणाला दिसत नाही. मामा तिथे रंगाच्या उपड्या डब्यावर बसला. फ्यूजच्या पेटीमागे हात घातला, एक छोटी डबी काढली, आणि माझ्यासमोर, सराईतपणे, सिगारेट पेटवली.

“मामा!”

“एकच,” तो म्हणाला. “दिवसाला एकच. चारची. तू मामीला सांगणार नाहीस.”

मला भयंकर राग आला. ते घड्याळ पुसणारे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. पण मामा भट्टीच्या मोहिमेवर होता. त्याने मला गप्प राहायची खूण केली आणि धुराड्याकडे बोट दाखवलं. मी कॅमेरा रोखला.

केबिनच्या दारावर एक छोटा पडदा आहे, त्यावर चालू आकडा दिसतो. थोड्या वेळाने तो चढू लागला.

“बघ, बघ! सोडला बघ त्याने धूर! काढ फोटो!”

“कशाचा काढू?”

“धुराचा!”

“मामा, धुराड्यावर कावळा बसलाय.”

खरंच बसला होता. धुराड्याच्या अगदी तोंडावर बसून निवांत पंख साफ करत होता. बेकरीचं शटर खाली होतं. मामाने कावळ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग हळूच स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सिगारेटचा धूर त्या बिनवाऱ्याच्या बोळातून सुतासारखा सरळ वर चालला होता, आणि डोक्यावरची ती ताटली तो गुमान ओढून घेत होती.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या मांजराने तर दुधाच्या वाटीवरच कॅमेरा लावून घेतला होता, आणि वर जगाला आमंत्रण दिलं होतं.

मला हसू फुटलं आणि ते थांबेना. मामा हसला नाही. त्याने सिगारेट विझवली, डब्यावर बसूनच राहिला. “मार्चमध्ये एक आठवडा उसळी नव्हती,” तो पुटपुटला. “ती मुलगी म्हणाली होती, बेकरी बंद असेल. मी रजेवर होतो.”

“आता?”

“आता काय. सोमवारी सुनावणी आहे.”

मी सोपी वाट सुचवली. ‘देखभाल सुरू’ असा शेरा मारायचा, चारचे सगळे आकडे रद्द करायचे, बेकरीही वाचली आणि मामाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“रोज चारला देखभाल? इतके महिने?” मामा म्हणाला. “ती मुलगी विचारेल, कसली देखभाल. मग एक खोटं झाकायला दुसरं. आणि एकदा शेऱ्यात खोटं घातलं की मग कबुतरीवर तरी कोण विश्वास ठेवेल?”

“मग निदान मामीला आधी घरी जाऊन सांग.”

“तोंडाने सांगायला गेलो की मी फिरवाफिरव करीन. मला माझी खोड माहीत आहे. लिहिताना ते जमत नाही मला.”

तो आत जाऊन एका बोटाने टाइप करायला बसला. मी मागे उभी राहून वाचत होते. ‘वर्षारंभापासून आजपर्यंत कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दिसणारी वाढ शहराची नव्हे. बेकरीचीही नव्हे. देखभाल कर्मचारी नळीखाली बसून सिगारेट ओढत असे. हे आकडे संशोधनात किंवा सुनावणीत वापरू नयेत. बाकीचे विश्वासार्ह आहेत. कर्मचारी दिलगीर आहे.’

बोट कळीवर ठेवून तो थांबला. “ती सकाळी वाचेल,” म्हणाला. मला त्याची कीव आली आणि रागही तेवढाच आला. त्याने कळ दाबली.

त्या रात्री मी मुद्दाम त्यांच्याकडेच राहिले. मामा ताटात बोटं फिरवत बसला, मामी म्हणाली, “बरं नाही का?” मामा म्हणाला, “हवा जरा जड आहे.” मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

सकाळी मामीने ओल्या कपड्यांची बादली गॅलरीत ठेवली, चष्मा चढवला, मोबाईल लांब धरला. वाचलं. पुन्हा वाचलं. मोबाईल गाऊनच्या खिशात टाकला आणि कपडे वाळत घालू लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मामा ओरडा खायची तयारी करूनच बसला होता. मामाचा शर्ट तिने हातात धरला, झटकला, मग तसाच छातीशी धरून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. मामा नाश्ता न करता कामावर गेला.

गावात मात्र दिवाळखोरीच्या बातमीसारखा तो शेरा फिरला. दुपारपर्यंत मामाला मेमो मिळाला, आणि न्हाव्याने फोन करून विचारलं, “कर्मचारी म्हणजे तुम्हीच ना?” बेकरीवाला ताजा पाव घेऊन गच्चीवर आला, हसूही दाबत होता आणि डोळेही पुसत होता. संशोधक मुलीच्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण वाया गेलं. फोनवर ती म्हणाली, “सर, राग आलाय मला. पण सोमवारी मी त्या माणसाची भट्टी बंद पाडली असती.” मामाला मेमोचं फारसं वाटलं नाही. ज्या नोंदीत कधी खंड पडू दिला नव्हता तिला रोजच्या रोज एक भोक पडलं, याचं वाटलं. आणि घरच्या त्या गप्प बसण्याचं.

साडेतीनला मामी शिलाई मशीनवरून उठली. मला म्हणाली, “चप्पल घाल.” तिच्या एका हातात घडीचं स्टूल होतं, दुसऱ्यात बटणं लावायच्या झग्याची पिशवी. वाचनालयाला लिफ्ट नाही आणि मामीचे गुडघे म्हणजे जुनी तक्रार. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला धरून उभी राहायची, मी पिशवी मागितली की मान हलवायची.

आम्ही गच्चीवर आलो तेव्हा मामा केबिनच्या दारात होता. आम्हाला बघून ताडकन उभा राहिला. मामी सरळ त्या बोळात गेली, रंगाचा डबा पायाने बाजूला सारला, स्टूल उघडलं आणि बसली. दम खाल्ला. सुईत दोरा ओवला.

“अगं, तू इथे कशाला? तुझे गुडघे...”

“गुडघ्यांचं मी बघते.” तिने मान वर केली नाही. “रोज येणार आहे. चारला इथेच बसणार. त्या बाकावर बसण्यापेक्षा हे बरं.”

मामाने फ्यूजच्या पेटीमागून डबी काढली आणि तिच्या पिशवीत टाकली. मग त्याला काय करावं कळेना, म्हणून तो त्या डब्यावर तिच्याशेजारी बसला आणि झग्याची बटणं हातात धरून एकेक तिला देऊ लागला. चार वाजून गेले. पडद्यावरचा आकडा होता तिथेच राहिला.

मामाने घसा खाकरला. “बघ,” तो भीतभीत म्हणाला, “आता हे जगात कुणीही, कुठेही बसून...”

“जगाचं जग बघेल,” मामी म्हणाली, आणि पुढच्या बटणासाठी हात पुढे केला. “मी इथे बसून बघते.”